सोळा वर्षांचा खेळाडू घरी ठेवून घ्यायचा आहे. 'रेजिना पॅट्स' हा संघ नेमका कसा आहे?

साखरपेठ यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. माझी धाकटी बहीण लग्नानंतर कॅनडाला गेली आणि गेली सहा वर्षे सस्कॅचेवान प्रांताच्या राजधानीत, म्हणजे रेजिना या शहरात राहते. त्या शहरात 'रेजिना पॅट्स' नावाचा आइस हॉकीचा ज्युनियर संघ आहे. बाहेरगावाहून आलेल्या खेळाडूंना हंगामभर गावातील कुटुंबे आपल्या घरी ठेवून घेतात, अशी तेथे पद्धत आहे. येत्या सप्टेंबरपासून मार्चपर्यंत असाच एक सोळा वर्षांचा मुलगा आपल्याकडे ठेवावा, असे बहिणीच्या आणि मेहुण्यांच्या मनात आले आहे.

ही गोष्ट तिने फोनवर आईला सांगितली आणि त्या दिवसापासून आई अस्वस्थ आहे. तिचे म्हणणे असे, की दुसऱ्याचे पोर घरात ठेवायचे म्हणजे त्याच्या आजारपणापासून अभ्यासापर्यंत सगळ्याची जबाबदारी अंगावर येते. आणि ज्या आईने दहावी-अकरावीच्या वयाचा मुलगा एका खेळासाठी परक्या घरी पाठवला, त्या आईने नेमका कशावर भरवसा ठेवला, हे तिला आधी समजले पाहिजे. बहीण तेथे राहत असली तरी या खेळाशी तिचा संबंध सामना पाहण्यापुरताच आहे. आमच्या घरात हॉकी म्हणजे मैदानावरची हॉकी, तीही ऑलिंपिकच्या वेळी पाहिलेली.

म्हणून जाणकारांना विनंती आहे. हा संघ किती जुना आहे, त्याची प्रतिष्ठा कशात आहे, आणि इतक्या लहान वयात मुले घर का सोडतात, हे कृपया सविस्तर सांगावे. आईला उत्तर द्यायचे आहे, आणि तिला अर्धवट उत्तर चालत नाही.

उणे_तीस यांचे उत्तर

मी मूळचा जुळे सोलापूरचा. रेजिना विद्यापीठात दोन वर्षे शिकलो आणि त्या काळात ज्या घराच्या तळघरातील खोलीत भाड्याने राहिलो, त्या घरी वरच्या मजल्यावर पॅट्सचा एक खेळाडू राहत असे. त्यामुळे ही व्यवस्था मी रोज पाहिलेली आहे.

आधी चौकट सांगतो. कॅनडात ज्युनियर हॉकीची सर्वांत वरची पायरी 'कॅनेडियन हॉकी लीग' ही आहे आणि तिच्यात तीन लीग येतात. पश्चिमेकडील प्रांतांची आणि अमेरिकेच्या वायव्य भागातील काही शहरांची ती 'वेस्टर्न हॉकी लीग'. रेजिना पॅट्स तिच्यात खेळतो. खेळाडू साधारण सोळा ते वीस वर्षांचे असतात, आणि वीस वर्षांचे तर एका संघात तीनच ठेवता येतात. मुले चौदा-पंधरा वर्षांची असतानाच संघ त्यांची आळीपाळीने निवड करतात. ज्या संघाने निवडले त्याच्याकडेच जावे लागते, मग तो आपल्या घरापासून हजार किलोमीटरवर का असेना. घर सोडण्याचे मुख्य कारण हेच आहे.

नियमित हंगामात अडुसष्ट सामने असतात. त्यांतले निम्मे बाहेरगावी, आणि प्रवास बसचा. शेजारचे मूस जॉ सत्तर किलोमीटरवर आहे, म्हणजे आपल्याकडून पंढरपूरला जाऊन आल्यासारखे. परंतु ब्रिटिश कोलंबियाच्या दौऱ्यावर निघालेला संघ आठवडा-आठवडा परतत नाही. अशा वेळापत्रकात मुलाला शाळा, झोप आणि वेळेवर जेवण मिळायचे असेल, तर त्याला वसतिगृहापेक्षा घर हवे, या विचारातून ही पद्धत रुजली. तेथे अशा घराला 'बिलेट' म्हणतात. हा मूळचा लष्करी शब्द आहे. सैनिकांची सोय गावातल्या घरांत केली जाई, त्यावरून तो आला.

आईंच्या शंकांचे व्यावहारिक उत्तर असे. मुलगा सकाळी गावातल्याच शाळेत जातो. त्याला स्वतंत्र खोली द्यावी लागते. घरातील प्रौढांची पोलिसांकडून पडताळणी होते. जेवणखर्चासाठी संघ दरमहा काही रक्कम देतो, पण त्या रकमेसाठी कोणी हे करते असे मला दिसले नाही, कारण वाढत्या वयाचा खेळाडू किती जेवतो हे मी पाहिले आहे. यजमान कुटुंबांकडे लक्ष देणारी एक व्यक्ती संघाकडून नेमलेली असते. आजारपण, दुखापत किंवा घरात काही न पटणे, कोणत्याही वेळी तिला फोन करता येतो. रात्री घरी परतण्याची वेळ संघ ठरवतो आणि ती पाळली जाते.

जुनी_गिरणी यांचे उत्तर

हॉकीतले डावपेच माझा विषय नाहीत, परंतु या संघाच्या नावाचा इतिहास मी अनेक वर्षे आवडीने वाचत आलो आहे आणि तो आपल्या मुंबई इलाख्यालाही स्पर्श करून जातो.

रेजिना म्हणजे लॅटिन भाषेत राणी. १८८२ साली व्हिक्टोरिया राणीच्या सन्मानार्थ हे नाव तिच्याच मुलीने, प्रिन्सेस लुईझने सुचवले. राणीचा एक मुलगा आर्थर, म्हणजे ड्यूक ऑफ कॅनॉट. दिल्लीतील कॅनॉट प्लेस त्यांच्याच नावाचे. १८८६ ते १८९० या काळात ते मुंबई इलाख्याच्या लष्कराचे सरसेनापती होते. त्यांची धाकटी मुलगी पॅट्रिशिया १८८६ साली लंडनमध्ये जन्मली, आणि तिच्या बालपणातली दोन वर्षे वडिलांच्या या नेमणुकीमुळे हिंदुस्थानात गेली. पुढे १९११ मध्ये ड्यूक कॅनडाचे गव्हर्नर जनरल झाले, तेव्हा ती त्यांच्याबरोबर ओटावाला गेली आणि तेथे अतिशय लोकप्रिय झाली.

ऑगस्ट १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू होताच हॅमिल्टन गॉल्ट या माँट्रियलच्या धनिकाने स्वतःचे एक लाख डॉलर देऊन एक पायदळ पलटण उभी केली आणि तिला राजकन्येचे नाव दिले: 'प्रिन्सेस पॅट्रिशियाज कॅनेडियन लाइट इन्फंट्री'. पलटणीचे निशाण पॅट्रिशियाने स्वतः रेखाटले आणि स्वतःच्या हाताने भरतकाम करून पूर्ण केले. किरमिजी वस्त्र, मध्ये निळे वर्तुळ, त्यात सोनेरी आद्याक्षरे. ते निशाण पलटणीबरोबर फ्रान्सच्या रणभूमीवर गेले. ८ मे १९१५ रोजी बेल्जियममधील फ्रेझेनबर्ग येथे या पलटणीने दिवसभर मोर्चा सोडला नाही. संध्याकाळी लढण्याच्या स्थितीत जेमतेम दीडशे माणसे उरली होती, आणि त्यांचे नेतृत्व एका लेफ्टनंटकडे आले होते, कारण त्याच्या वरचे सर्व अधिकारी मारले गेले होते किंवा जखमी झाले होते.

दोन वर्षांनी, १९१७ साली, युद्ध चालू असतानाच रेजिना शहरात मुलांचा हॉकी संघ स्थापन झाला तो 'रेजिना पॅट्रिशिया हॉकी क्लब' या नावाने. 'पॅट्स' हे त्याचे लाडके, आखूड रूप. म्हणजे गावाला आजीचे नाव आणि गावातल्या संघाला नातीचे. आजही खेळाडूंच्या जर्सीच्या खांद्यावर त्या पलटणीचे चिन्ह शिवलेले असते. मोठ्या ज्युनियर हॉकीतील, स्थापनेपासून एकाच गावात राहिलेला सर्वांत जुना संघ म्हणून पॅट्सला मान आहे. त्या मानाचे मोल समजायचे असेल, तर हे ध्यानात घ्यावे लागते की इतर अनेक संघ मालक बदलला, प्रेक्षक घटले, की एका शहरातून उठून दुसऱ्या शहरात जातात आणि मागच्या गावात फक्त रिकामी रिंक उरते. गिरणी बंद पडलेल्या गावाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

चषकाची कथाही युद्धाशीच जोडलेली आहे. १९१९ मध्ये ओंटारिओ हॉकी असोसिएशनने युद्धात पडलेल्या कॅनेडियन सैनिकांच्या स्मरणार्थ 'मेमोरियल कप' दिला. ज्युनियर हॉकीतील सर्वोच्च सन्मान तो हाच. त्या चषकाच्या पहिल्याच अंतिम लढतीत पॅट्रिशिया संघ होता. टोरांटो विद्यापीठाच्या शाळेच्या संघाने दोन सामन्यांत मिळून २९ विरुद्ध ८ गोलांनी त्याला हरवले. २०१० मध्ये हा चषक सर्व युद्धांतील आणि मोहिमांतील हुतात्म्यांना पुन्हा अर्पण करण्यात आला. सोलापुरातल्या आपल्या चार हुतात्मा चौकावरून रोज जाणाऱ्या माणसाला, खेळातला विजय मृतांच्या नावाने उचलण्याची ही कल्पना परकी वाटू नये. एक योगायोगही नोंदवतो: राजकन्येने २७ फेब्रुवारी १९१९ रोजी विवाह करून राजकन्येचा किताब सोडला, पण पलटणीचे मानद प्रमुखपद अखेरपर्यंत सांभाळले, आणि तिचे निधन झाले ते १२ जानेवारी १९७४ रोजी. आपण सोलापूरकर १२ जानेवारीला आपल्या चार हुतात्म्यांना वंदन करतो, हे येथे वेगळे सांगण्याची गरज नाही.

शिट्टी यांचे उत्तर

मी एकतीस वर्षे शाळेत क्रीडाशिक्षक होतो. जुनी_गिरणी यांनी जेथे सोडले तेथूनच पुढे जातो, कारण १९७४ हे वर्ष पॅट्सच्या इतिहासात दोन अर्थांनी मोठे आहे. ज्या वर्षाच्या जानेवारीत राजकन्या गेली, त्याच वर्षाच्या मे महिन्यात पॅट्सने क्वेबेक रेम्पार्ट्सला हरवून मेमोरियल कप जिंकला. त्या संघात क्लार्क गिलिस होता, ज्याने पुढे न्यूयॉर्क आयलँडर्सकडून १९८० ते १९८३ सलग चार वेळा स्टॅनली कप, म्हणजे 'एनएचएल' या सर्वोच्च व्यावसायिक लीगचा चषक, उंचावला. प्रशिक्षक बॉब टर्नर हे रेजिनाचेच. तरुणपणी ते पॅट्सकडूनच खेळले होते आणि नंतर माँट्रियल कॅनेडियन्सबरोबर त्यांनी पाच स्टॅनली कप जिंकले होते. बाहेर मोठा होऊन आलेला गावचा मुलगा गावच्या मुलांना शिकवतो, हे चित्र मला कोणत्याही चषकापेक्षा मोठे वाटते.

त्यानंतर मात्र मेमोरियल कप रेजिनाला आलेला नाही. त्याआधीचा काळ तर धीराची परीक्षाच होता: १९५०, १९५२, १९५५, १९५६ आणि १९५८, नऊ वर्षांत पाच वेळा अंतिम फेरी गाठली आणि पाचही वेळा संघ हरला. २०१८ मध्ये चषकाची शंभरावी स्पर्धा रेजिनातच भरली. यजमान पॅट्स अंतिम सामन्यात पोहोचला, आणि अकादी-बाथर्स्ट टायटन या संघाकडून ०-३ असा हरला. पहिला अंतिम सामनाही हरला आणि शंभराव्या स्पर्धेचाही. तरी लोक आले, तिकिटे घेतली, पुढच्या हंगामातही आले. मी मुलांना हे मुद्दाम सांगत असे.

कॉनर बेडार्डचे नाव आपल्या भाच्यांना माहीत असेल. सोळाव्या वर्षाआधी लीगमध्ये पूर्ण हंगाम खेळता यावा, म्हणून 'अपवादात्मक खेळाडू' हा दर्जा २०२० मध्ये त्याला मिळाला. वेस्टर्न लीगमध्ये तो मिळवणारा हा पहिला मुलगा, आणि त्याच वर्षी पॅट्सने त्याला पहिल्या क्रमांकावर निवडले. २०२२-२३ च्या हंगामात त्याने ५७ सामन्यांत ७१ गोल केले आणि ७२ गोलांना साहाय्य केले. लगेच २०२३ मध्ये शिकागो ब्लॅकहॉक्सने त्याला 'एनएचएल'मध्ये पहिल्या क्रमांकावर घेतले. तरीही त्या वर्षी पॅट्स बाद फेरीच्या पहिल्याच टप्प्यात सस्कॅटूनकडून सातव्या सामन्यात हरला. आइस हॉकीत बर्फावर एका वेळी गोलरक्षकासह सहा जण असतात आणि आघाडीचा खेळाडू पाऊण-एक मिनिटात दमून बाहेर बसतो. एकट्याने संघ तारला, असे या खेळात सहसा घडत नाही.

आता जे सांगणे कर्तव्य आहे ते सांगतो. तीन लीगमधून शेकडो मुले खेळतात, आणि एनएचएलच्या वार्षिक निवडीत सर्व देशांतून मिळून २२४ जागा असतात. निवडल्या गेलेल्यांतही बरेच जण तेथे कधी खेळत नाहीत. पॅट्सचाच डग विकेनहायझर १९८० मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला, पण माँट्रियलमध्ये त्याच्यावर अपेक्षांचे इतके ओझे पडले की तो तेथे फुलू शकला नाही. आणि सदतिसाव्या वर्षी कर्करोगाने गेला. त्यामुळे शिक्षणाची तरतूद पाहावी. वेस्टर्न लीगमध्ये एक हंगाम खेळले, की पुढील शिक्षणाच्या एका वर्षाचे शुल्क आणि पुस्तके देण्याची योजना आहे. पूर्वी येथे खेळलेल्या मुलाला अमेरिकेतील विद्यापीठांच्या संघांत प्रवेश नसे. ऑगस्ट २०२५ पासून तो मार्गही खुला झाला आहे.

आणि आईंना माझ्या वतीने एवढे विचारा: मंगळवेढा, मोहोळ, बार्शीकडची पोरे चौदाव्या वर्षी कोल्हापूरच्या तालमीत जाऊन राहतात, बाप महिन्यातून एकदा तूप-बदाम घेऊन जातो, तेव्हा आपण त्या आईला काय म्हणतो?

कंबर_तलाव यांचे उत्तर

विजेतेपदांच्या संख्येवरून गोंधळ होऊ नये म्हणून एक बारीक खुलासा. पॅट्सच्या खात्यावर चार मेमोरियल कप दाखवले जातात: १९२५, १९२८, १९३० आणि १९७४. त्यांपैकी १९२८ चा चषक 'रेजिना मोनार्क्स' या नावाने खेळलेल्या संघाने जिंकला होता आणि पॅट्स तो आपल्या वारशात धरतात. काही याद्यांत म्हणून तीनच आकडा दिसतो.

प्रवासाचा विषय निघाला आहे तर अपघातांचा उल्लेख टाळू नये, कारण आईंच्या मनात तो येणारच. ३० डिसेंबर १९८६ रोजी स्विफ्ट करंट ब्रॉन्कोसची बस बर्फाळ रस्त्यावरून घसरली आणि चार खेळाडू गेले. ती बस रेजिनाला, पॅट्सविरुद्धच्या सामन्यासाठीच निघाली होती. तोच संघ १९८९ मध्ये मेमोरियल कप जिंकून उभा राहिला. ६ एप्रिल २०१८ रोजी याच प्रांतात हम्बोल्ट ब्रॉन्कोस या दुसऱ्या लीगमधील संघाच्या बसची मालट्रकशी धडक होऊन सोळा जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर देशभर लोकांनी आपल्या घराच्या दारात रात्री दिवा लावून हॉकीची काठी उभी केली. सामना रद्द करून बस मुक्कामी थांबवण्याचा निर्णय झाला, तर तेथे कोणी कुरकुर करत नाही.

साखरपेठ यांचे पुढील टिपण

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणानंतर मी ही सर्व उत्तरे आईला मोठ्याने वाचून दाखवली. निशाणाच्या भरतकामापाशी तिने मला थांबवले आणि तो परिच्छेद पुन्हा वाचायला लावला. आईने अठ्ठावीस वर्षे चादरीच्या कारखान्यात शिलाईचे काम केले आहे. खांद्यावरचे ते चिन्ह हाताने टाचलेले असते की यंत्रावर शिवलेले, याचा जवळून काढलेला फोटो बहिणीने पाठवावा, असे तिने सांगितले आहे.

शिट्टी सरांच्या प्रश्नावर ती बराच वेळ गप्प राहिली. नंतर म्हणाली, "दादालाही पंधराव्या वर्षी गंगावेशीत ठेवलं होतं." माझे थोरले मामा पैलवान होते हे मला ठाऊक होते, पण आजी दर पौर्णिमेला एसटीने कोल्हापूरला जाऊन तालमीच्या दाराबाहेर बसून राहत असे, कारण आत बायकांना जाता येत नसे, हे मी काल प्रथमच ऐकले.

आईची हरकत आता उरलेली नाही. मात्र बहिणीने बोलता बोलता असे सांगितले, की हंगामाच्या मध्यावर संघ आपापसांत खेळाडूंची देवाणघेवाण करतात. म्हणजे चार महिने घरात राहिलेला मुलगा जानेवारीत अचानक दुसऱ्या गावी जाऊ शकतो. आईचा प्रश्न आहे, की मग त्या मुलाचे आणि त्या घराचे पुढे काय होते?

उणे_तीस यांचे उत्तर

बहिणीने सांगितले ते खरे आहे. जानेवारीच्या सुरुवातीला या व्यवहारांची मुदत संपते आणि शेवटच्या काही दिवसांत अनेक मुलांची गावे बदलतात. मी राहत होतो त्या घरातल्या मुलाला दुपारी शाळेतून परतताना फोन आला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. रात्री घरमालकीण काकूंनी त्याचे कपडे धुऊन, वाळवून, घड्या करून बॅगेत भरले. नव्या गावी नवे घर आधीच ठरलेले असते. रस्त्यावर कोणी राहत नाही. पण त्या घरातल्या धाकट्या मुलीने आठवडाभर त्याच्या खोलीचे दार बंद करू दिले नाही, हेही मी पाहिले.

फेब्रुवारीत तो नव्या संघाची जर्सी घालून रेजिनात पॅट्सविरुद्ध खेळायला आला. आम्ही सर्व जण गेलो होतो. पॅट्स जिंकला. सामना संपल्यावर पाहुण्यांची बस मागच्या दाराशी इंजिन चालू ठेवून उभी होती, बाहेर उणे एकतीस होते, आणि काकू हातात डबा घेऊन पाऊण तास त्या दाराशी उभ्या होत्या. मुलगा बाहेर आला, डबा घेतला, बसच्या पायरीवर बसून तेथेच उघडला. चालकाने दार लावायची घाई केली नाही.